टेकलेले आणि जोडलेले : टायटॅनियमच्या घर्षण-वेल्डची ध्वनितपासणी

टायटॅनियमचे दोन ठोकळे एकमेकांवर प्रचंड जोराने दाबायचे, त्यांतला एक सेकंदाला पन्नासएक वेळा मागे-पुढे घासायचा आणि काही सेकंदांनी तो नेमक्या जागी थांबवून दाब तसाच धरून ठेवायचा, एवढ्याने ते दोन ठोकळे एकजीव होतात. यात वेल्डिंगची कांडी लागत नाही, आर्क पेटत नाही आणि धातू वितळतही नाही. या पद्धतीला रेषीय घर्षण-वेल्डिंग म्हणतात. जेट इंजिनाच्या ज्या भागांवर विमानातील प्रत्येकाचा जीव अवलंबून असतो, अशा भागांसाठी ती वापरली जाते. म्हणूनच जोड झाल्यावर एक प्रश्न उभा राहतो, जो विचारायला सोपा आणि उत्तर द्यायला फार अवघड आहे : हे दोन पृष्ठभाग खरोखर जोडले गेले आहेत, की नुसतेच एकमेकांना टेकले आहेत? जोड न मोडता याचे उत्तर शोधण्याचे मुख्य साधन म्हणजे अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येच्या ध्वनीने केलेली तपासणी. ती कशी चालते, आणि तिला काय दिसते व काय दिसत नाही, हे येथे पाहू.

आधी हा जोड कुठे लागतो ते पाहिले पाहिजे. जुन्या रचनेत, इंजिनात हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या चकतीच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक पात्याचे मूळ त्या खाचेत, सुताराने लाकडी खुंटी ठोकून बसवावी तसे, घट्ट बसवलेले असते. या खाचांमुळे वजन वाढते, आणि जिथे दोन पृष्ठभाग सतत घासतात तिथे झीज होऊन तडे सुरू होण्याची भीती असते. त्यावरचा उपाय म्हणजे पाती आणि चकती मिळून एकच अखंड वस्तू करणे. ‘ब्लेड’ आणि ‘डिस्क’ या शब्दांवरून तिला ब्लिस्क म्हणतात. लहान ब्लिस्क एकाच घडीव ठोकळ्यातून कोरून काढता येते, पण पाती मोठी असतील तर महागड्या धातूचा बराचसा भाग कीस होऊन वाया जातो, आणि पाती पोकळ हवी असतील तर कोरून काढणे शक्यच नसते. तेव्हा चकती वेगळी आणि पाती वेगळी करून ती घर्षणाने जोडतात. युरोफायटर टायफून या लढाऊ विमानाच्या ईजे-२०० इंजिनात अशा ब्लिस्क आहेत. इंजिन पूर्ण वेगाने फिरत असताना पात्याला बाहेर खेचणारे सगळे बल त्या एका सांध्याने पेलायचे असते, आणि डझनावारी पात्यांपैकी एकाचाही सांधा नापास झाला तर अख्ख्या चकतीचे काय करायचे हा प्रश्न पडतो.

आता त्या काही सेकंदांत काय घडते ते जवळून पाहू. धातू बहुधा सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम मिसळलेला, टीआय-६-४ या नावाने कारखान्यांत ओळखला जाणारा टायटॅनियमचा मिश्रधातू असतो. घासण्याची झेप दोन-तीन मिलिमीटरची असते. दाब १०० मेगापास्कलच्या घरात असू शकतो, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक टन वजन ठेवल्यासारखा. टायटॅनियम उष्णतेचा मंद वाहक आहे, त्यामुळे घर्षणाची उष्णता सांध्यापाशीच कोंडून राहते आणि तिथले तापमान हजार अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. हा मिश्रधातू १६०० अंशांच्या पुढे वितळतो, म्हणजे तो घनच राहतो, पण मळलेल्या कणकेसारखा मऊ होतो. दाबामुळे हा मऊ धातू सांध्याच्या चारही बाजूंनी सुरकुतलेल्या ओठासारखा बाहेर येतो. त्याला फ्लॅश म्हणतात. फ्लॅश जितका बाहेर येईल तितकी दोन्ही ठोकळ्यांची एकत्र लांबी कमी होते, आणि ही कमी झालेली लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. हे माप आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

फ्लॅश म्हणजे वाया गेलेला धातू असे वाटेल, पण सांध्याची सफाई तोच करतो. प्रत्येक टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, शिवाय हाताळताना लागलेले तेल, धूळ, बोटांचे ठसे असू शकतात. मऊ धातू बाहेर ढकलला जाताना ही सगळी घाण स्वतःबरोबर नेतो आणि आतले ताजे धातू एकमेकांना भिडतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज सापडते. त्यात टायटॅनियम ऑक्सिजनला इतका घट्ट धरून बसलेला असतो की त्याला सोडवणे हेच या धातूच्या महागाईचे मोठे कारण आहे. तीच ओढ वेल्डमध्ये नडते. तापलेला टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन आत ओढून घेतो, आणि ते जिथे शिरतात तिथे धातू कडक व ठिसूळ होतो. पुरेसा फ्लॅश बाहेर आला नाही, तर ऑक्साइडचे अवशेष सांध्यातच अडकतात, विशेषतः कडांना आणि कोपऱ्यांत, जिथे घासताना पृष्ठभाग प्रत्येक झेपेला क्षणभर उघडा पडतो. म्हणून ठोकळे मुद्दाम गरजेपेक्षा मोठे घेतात आणि वेल्डनंतर कडा कापून टाकतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. नेहमीच्या वेल्डिंगमध्ये वितळलेल्या धातूत वायूचे बुडबुडे राहतात, ते क्ष-किरणांच्या चित्रात काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. घर्षण-वेल्डमध्ये वितळणेच नाही, त्यामुळे असे बुडबुडे सहसा नसतात. इथला दोष चपटा असतो : सांध्याच्या पातळीतच पसरलेला, लांबी-रुंदी असलेला, पण जाडी जवळजवळ नसलेला. क्ष-किरणांना वाटेत किती धातू लागला एवढेच कळते. ज्या दोषाला जाडीच नाही, तो त्यांच्या चित्रात उमटत नाही. रंगद्रव्य वापरून केलेली तपासणी फक्त पृष्ठभागापर्यंत उघडलेल्या चिरा दाखवते. उरतो तो ध्वनी.

माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. बद्द आवाज आला तर तो तडकलेला आहे हे कळते. पण तिथे संपूर्ण माठ कंप पावत असतो, आणि एका मिलिमीटरच्या दोषाने भल्यामोठ्या चकतीच्या नादात काही फरक पडणार नाही. आपल्याला हवी ती पद्धत सोनोग्राफीच्या जवळची आहे : ध्वनीचा अगदी लहान ठोका एका बारीक झोतात आत सोडायचा, आणि कोणत्या जागेवरून, किती वेळाने, किती जोराचा प्रतिध्वनी परत येतो ते मोजायचे. सोनोग्राफीत पोटाला जेल लावतात, कारण मध्ये हवा राहिली तर ध्वनी आत जातच नाही. इथे त्याच कारणासाठी अख्खी वस्तू पाण्यात बुडवतात.

हे हवेचे प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळी तपासणी त्यावर उभी आहे. प्रत्येक पदार्थ ध्वनीला काही एक अवरोध करतो. तो पदार्थाची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराएवढा असतो. दोन पदार्थांच्या सीमेवर हा अवरोध जितका बदलेल, तितका ध्वनी मागे फिरतो. टायटॅनियमचा अवरोध पाण्याच्या सुमारे अठरा पट आहे, त्यामुळे पाण्यातून धातूत शिरताना ८० टक्के ऊर्जा पृष्ठभागावरूनच परतते. उरलेल्यातला भाग आत जाऊन, दोषावर आपटून, पुन्हा पाण्यात बाहेर पडेपर्यंत, आतला दोष अगदी पूर्ण परावर्तक असला तरी, मूळ ऊर्जेचे शंभरातले जेमतेम चार भाग हाती येतात. हवेचा अवरोध मात्र इतका नगण्य आहे की धातूच्या आत केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी पातळ फट असली आणि तिच्यात हवा असली, तरी ध्वनी तिथून जवळजवळ पूर्ण परततो. म्हणजे जो दोष क्ष-किरणांना अजिबात दिसत नाही, तो ध्वनीला आरशासारखा चमकताना दिसतो, अट एवढीच की तिथे खरोखर फट असली पाहिजे.

प्रत्यक्ष तपासणीची टाकी अशी असते. स्वच्छ पाणी, तळाशी आधारावर ठेवलेला भाग, आणि वरून यांत्रिक हाताला लावलेला पेनाच्या टोपणाएवढा, ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा प्रोब. वस्तू बुडवल्यावर ऑपरेटर आधी तिच्या अंगावर चिकटलेले हवेचे बारीक बुडबुडे हाताने पुसून काढतो, कारण असा एकेक बुडबुडा पडद्यावर दोष म्हणून उभा राहतो. प्रोब सेकंदाला एक कोटी कंपनांचा, म्हणजे १० मेगाहर्ट्झचा ठोका सोडतो. टायटॅनियममध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे ६१०० मीटर धावतो, त्यामुळे त्याची तरंगलांबी ०.६ मिलिमीटर होते. २० मिलिमीटर खोल असलेल्या सांध्यापर्यंत जाऊन परत यायला त्याला साडेसहा मायक्रोसेकंद लागतात. पडद्यावर आधी पृष्ठभागाचा उंच प्रतिध्वनी दिसतो, शेवटी मागच्या बाजूचा, आणि मधल्या सपाट गवतासारख्या पट्ट्यात ऑपरेटर सांध्याच्या वेळेवर एक खिडकी लावतो. त्या खिडकीत जे काही डोके वर काढेल, ते नोंदले जाते. झोताचा केंद्रबिंदू साधारण एक मिलिमीटरचा असतो, म्हणून प्रोब ०.३ मिलिमीटरच्या पावलांनी सरकवतात; ६० मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर रुंद सांध्यासाठी हे तेरा हजारांहून अधिक ठोके झाले. प्रत्येक ठोक्याच्या उत्तराला एक रंग दिला की सांध्याचा नकाशा तयार होतो.

मघाशी ज्याला गवत म्हटले, तिथेच टायटॅनियमचा खरा त्रास आहे. हा धातू सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो, आणि या कणांची ताठरता दिशेप्रमाणे बदलते : एका दिशेला सुमारे १४५ गिगापास्कल, तर आडव्या दिशेला १०० च्या आसपास. त्यामुळे एका कणातून वेगळ्या दिशेला वळलेल्या शेजारच्या कणात जाताना ध्वनीला प्रत्येक वेळी थोडी ठेच लागते आणि थोडा ध्वनी परततो. अशा हजारो ठेचांची मिळून गुणगुण तयार होते. पोलादातही ती असते, पण टायटॅनियममध्ये आणखी एक अडचण आहे : घडवण्याच्या प्रक्रियेत शेजारशेजारचे असंख्य कण एकाच दिशेला तोंड करून राहतात आणि मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठा प्रदेश ध्वनीच्या दृष्टीने एकच मोठा कण असल्यासारखा वागतो. यांना मॅक्रोझोन म्हणतात. पडद्यावर त्यांचा प्रतिध्वनी खऱ्या दोषासारखा दिसू शकतो, आणि खरा लहान दोष त्यांच्या गुणगुणीत हरवू शकतो.

मॅक्रोझोन हा केवळ तपासणीतला अडथळा आहे असे मात्र समजू नये. ३० सप्टेंबर २०१७ रोजी पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-३८० विमानाच्या एका इंजिनाचा पुढचा पंखा ग्रीनलँडवर असताना निखळून पडला. विमान कॅनडातील गूस बे येथे सुखरूप उतरले. पंख्याच्या टायटॅनियमच्या मध्यभागाचा तुकडा २०१९ मध्ये बर्फाखालून शोधून काढण्यात आला, आणि तडा धातूच्या आतल्या एका मॅक्रोझोनमधून सुरू झाल्याचे तपासात निष्पन्न झाले. तिथे बाहेरचा कोणताही कण नव्हता, पोकळी नव्हती, म्हणजे ध्वनीने बोट ठेवावे असे काही नव्हते. त्याआधी १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाची पंख्याची टायटॅनियम चकती हवेत फुटली, विमान आयोवातील सू सिटी येथे कोसळले आणि २९६ जणांपैकी शंभराहून अधिक दगावले. तिथे मुळात धातू वितळवतानाच राहिलेला, नायट्रोजनने कडक झालेला एक लहानसा भाग होता, आणि चकती सुमारे १७ वर्षे वापरात होती. हे दोन्ही भाग घर्षण-वेल्डचे नव्हते. तरीही त्यांची आठवण इथे आवश्यक आहे, कारण टायटॅनियमच्या आजच्या ध्वनितपासणीची शिस्त बरीचशी सू सिटीच्या धक्क्यातून आली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आयोवा स्टेट विद्यापीठ आणि इंजिननिर्मात्या कंपन्यांना एकत्र आणून या धातूच्या तपासणीवर पद्धतशीर काम सुरू करवले. त्यातून एक साधे तत्त्व कारखान्यांपर्यंत पोचले : एकाच झोताने सगळी खोली तपासण्याऐवजी खोलीचे थर पाडावेत आणि प्रत्येक थरावर वेगळा झोत नेमका एकवटावा. झोत जितका बारीक आणि ठोका जितका आखूड, तितके कमी कण एका वेळी बोलतात, आणि दोषाचा आवाज गुणगुणीच्या वर येतो.

या गुणगुणीच्या बाबतीत घर्षण-वेल्डचा एक फायदा असा की सांध्यातला धातू घुसळून निघालेला आणि झपाट्याने थंड झालेला असतो, त्यामुळे तिथली रचना बारीक असते आणि बारीक रचना कमी गुणगुणते. उलट बाजू अशी की सांध्याच्या दोन्ही अंगांना मूळ धातू आणि घुसळलेला धातू यांच्या सीमा तयार होतात. त्यांच्या अवरोधात दोन टक्क्यांचा फरक असला तरी पूर्ण प्रतिध्वनीच्या शंभराव्या भागाएवढा, तज्ज्ञांच्या भाषेत उणे ४० डेसिबलचा, प्रतिध्वनी येतो. तो दोष नसतो, पण तो नेमका तिथेच येतो जिथे आपण दोष शोधत असतो.

दिशेचा प्रश्न वेगळाच आहे. चपटा दोष आरशासारखा असतो, त्यावर ध्वनी काटकोनात पडला तरच उत्तर प्रोबकडे परतते. ब्लिस्कमध्ये सांध्याच्या वर पिळदार, पातळ पाते आणि खाली चकती असते, त्यामुळे काटकोनात पाहायला जागाच मिळत नाही, आणि बाजूने पाहावे तर झोत सांध्याला समांतर धावतो. मग तो तिरका सोडावा लागतो. पाण्यातून टायटॅनियमवर सुमारे १४ अंशांहून जास्त कलता ध्वनी टाकला की आत नेहमीचे दाबतरंग जातच नाहीत, सेकंदाला सुमारे ३१०० मीटर वेगाचे आडवे तरंग जातात. ते आरशावरून पुढे निसटतात, म्हणून एक प्रोब बोलतो आणि दुसरा, त्यांच्या वाटेवर बसवलेला, ऐकतो. अनेक बारीक घटकांच्या प्रोबने हे काम बरेच सुकर केले आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक घटक पाळीपाळीने बोलतो आणि प्रत्येक वेळी सगळे ऐकतात. ६४ घटक असतील तर ४०९६ नोंदी मिळतात, आणि त्यांतून गणिताने प्रत्येक बिंदूवर झोत एकवटल्यासारखे चित्र काढता येते.

एवढे सगळे करूनही सुरुवातीचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, आणि माझ्या मते या विषयात हेच सर्वांत प्रामाणिकपणे सांगायला हवे. फट असेल तर ध्वनी परततो. पण टनावारी दाबाखाली दोन पृष्ठभाग एकमेकांत इतके रुतले असतील की मध्ये फट उरलीच नाही, फक्त अणूंचे बंध जुळलेले नाहीत, तर ध्वनी त्या जागेतून जवळजवळ विनासायास पार जातो. हाच तो नुसता टेकलेला जोड. तो ध्वनीचा हलका धक्का पुढे पोचवतो, पण ओढले की सुटतो. कंपनसंख्या वाढवली तर अशा जागेवरून थोडे अधिक परावर्तन मिळते. मात्र लहान कणांमुळे होणारे विखुरणे कंपनसंख्येच्या चौथ्या घाताने वाढते : कंपनसंख्या दुप्पट केली की विखुरणे १६ पट. जो उपाय कुजबुज ऐकायला मदत करतो, तोच खोलीतला गोंगाट त्याहून जास्त वाढवतो.

आणि तपासणी किती सक्षम आहे हे तरी कसे ठरवायचे? नेहमीची रीत अशी की त्याच धातूच्या ठोकळ्यात ठरावीक मापाची सपाट तळाची भोके पाडतात, बहुधा ०.४ किंवा ०.८ मिलिमीटर व्यासाची, आणि त्यांच्या प्रतिध्वनीवर उपकरण लावून घेतात. पण भोकात हवा असते. ते उत्तम परावर्तक आहे, टेकलेल्या जोडाचे प्रतिनिधी नाही. मग खरा दोष मुद्दाम तयार करावा, तर घर्षण-वेल्डिंगचा सद्गुणच आडवा येतो : सांध्यात घाण ठेवून वेल्ड केले की प्रक्रिया ती घाण फ्लॅशबरोबर बाहेर फेकते, आणि जी उरते ती कुठे व किती उरेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून असे नमुने वेल्ड करायचे, ध्वनीने तपासायचे, आणि मग कापून, घासून, आम्लाने उठाव देऊन सूक्ष्मदर्शकाखाली नकाशाशी ताडून पाहायचे, असे कष्टाचे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. त्यातून मिळणारे उत्तर आकड्यात असते : अमुक मापाचा दोष शंभरात नव्वद वेळा सापडेल, आणि या विधानाबद्दल आम्हाला ९५ टक्के खात्री आहे. त्याहून लहान दोषाबद्दल ती तपासणी काहीही वचन देत नाही.

म्हणून वेल्डिंगचे यंत्र स्वतःच दुसरा साक्षीदार ठरते. प्रत्येक जोडाच्या वेळी दाब, झेप, कंपनसंख्या आणि लांबी किती कमी झाली याची क्षणाक्षणाची नोंद ठेवली जाते. एखाद्या पात्याची लांबी ठरल्यापेक्षा कमी घटली असेल, तर फ्लॅश पुरेसा निघाला नाही, म्हणजे घाण आत राहिली असण्याची शक्यता आहे, आणि ध्वनीचा नकाशा स्वच्छ असला तरी तो जोड संशयित धरला जातो. उलट यंत्राची नोंद निर्दोष असूनही खिडकीत एखादा प्रतिध्वनी दिसला, तर तिथे मूळ ठोकळ्यातलाच दोष असू शकतो, ज्याबद्दल वेल्डिंगच्या यंत्राला काही कळण्याचे कारण नाही. तपासनीस अहवालात ‘सांधा निर्दोष आहे’ असे लिहीत नाही. तो लिहितो की अमुक प्रोबने, अमुक दिशेने, ०.८ मिलिमीटरच्या भोकाच्या प्रतिध्वनीला प्रमाण मानून पाहिले असता त्या पातळीच्या वर काही आढळले नाही, आणि त्या कागदामागे यंत्राचा आलेख जोडतो.